आधी टेलला द्या

आमच्या धंद्याच्या नाकात वेसण घाला, असं मी जाहीरपणे म्हणतो. हे वाचून शिरूर आणि दौंड तालुक्यातले माझे नेटवाले दोस्त चिडणार आहेत. मागं एका लग्नात दोघांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठलंच होतं. "मामा, आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देताय व्हय?" मी म्हटलं, हो, आणि पंगतीत जाऊन बसलो. पाण्याला आणि विजेला जसे कायदे आहेत तसे इंटरनेट पुरवणाऱ्यांना लावावेत की नाही, यावर टीव्हीवर कोटातली माणसं भांडत असतात. त्यांच्यापैकी कुणी खांबाला शिडी लावून वायर ओढली असेल असं त्यांच्या हातांकडं बघून वाटत नाही. मी ओढली आहे. उमेदीची सगळी वर्षं सरकारी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, आधी दौंडला आणि मग शिरूरला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका खासगी इंटरनेट कंपनीचा इथला भागीदार झालो. दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, तेव्हा दोन्ही घरांबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

आधी धंदा सांगतो. नेट हवेतून येतं असं पुष्कळांना वाटतं. हवेतून येतं ते फक्त भिंतीवरच्या राउटरपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंत. त्याच्या मागं काचेची वायर असते, आतला धागा केसाएवढा बारीक. ती तळेगाव ढमढेऱ्याच्या माझ्या गाळ्यापासून निघून खांबांवरून, बाभळींवरून, कुणाच्या गोठ्याच्या पत्र्यावरून तुमच्या भिंतीपर्यंत पोचलेली असते. तुटली की दोन्ही टोकं सोलायची, पुसायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची आणि वितळवून जोडायची. माझ्या बायकोनं ते काम एकदा शेजारी बसून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यापरीस सुईत दोरा ओवणं बरं." तिचं खरं आहे, जोडणी झाली की डोळ्यांतून पाणी यायचं.

आणि तुटायला कारणं काय कमी? साखर कारखाने सुरू झाले की आमचे वाईट दिवस सुरू होतात. उसाची ट्रॉली ऐपतीपेक्षा उंच भरलेली, ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावलेली. वरचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आमच्या वायरीत अडकतं, वायर ताणते, तुटते, आणि ड्रायव्हरला पत्ताही नसतो. एकदा तर कारखान्याच्या काट्यावरून मला फोन आला, "तुमची वायर आमच्याकडं वजनाला आलीय, घिऊन जा." हंगाम संपला की शेतकरी पाचट पेटवतात, त्यात बांधावरची वायर वितळते. त्यातून वाचली तर उंदीर आहेत. एका गुरुजींकडं नेट रोज संध्याकाळी रडायचं. तीन वेळा जाऊन काही सापडेना. शेवटी दिवेलागणीला मुद्दाम गेलो, तर त्यांनी राउटर देव्हाऱ्यात ठेवलेला आणि उदबत्ती बरोबर त्याच्या भोकांखाली. मी राउटर खुंटीवर टांगून दिला. गुरुजींना ते फारसं आवडलं नाही.

हे सगळं मी हसत सांगू शकतो, कारण ते दुरुस्त करता येतं. ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते दुखणं वेगळं आहे.

सरकारी खात्याचं भजन मी गाणार नाही. फोनचा अर्ज केलेल्या माणसाची लेक लग्नाची व्हायची तरी फोन लागायचा नाही, आणि बंद पडलेला चालू व्हायला लाइनमनची मर्जी लागायची, हे सगळं खरं. पण तिथं एक गोष्ट होती. केडगावला आमच्या एका खांबावर एकच जोडी शिल्लक होती, म्हणजे आणखी एकच फोन देता येईल एवढी सोय. नंबर लागला होता एका नर्सबाईंचा. तेवढ्यात एका सोसायटीचे चेअरमन चार माणसं जीपमध्ये घालून आमच्या ऑफिसात आले. आमचे साहेब अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. ते म्हणाले, "जोडी बाईंची आहे. तुमचा नंबर लागला की फोन घेऊन मी स्वतः येईन." चेअरमन म्हणाले, "बदली करीन." साहेब म्हणाले, "करा. पण नियम माझा नाही, खात्याचा आहे. तो इथंच राहील." साहेबांची बदली खरंच झाली. नवे साहेब आले, त्यांनीही चेअरमनना तेच सांगितलं. नर्सबाईंच्या घरी फोन मी माझ्या हातानं बसवला आणि त्यांनी मला शिरा खाऊ घातला.

खासगी कंपनीत गेल्यावर मला पहिला शब्द शिकवला तो 'फिजिबल', म्हणजे जिथं वायर टाकणं कंपनीला परवडतं ते. रांजणगावच्या कारखान्यांच्या बाजूला फिजिबल, हायवेला फिजिबल, मोठ्या गावांच्या बाजारपेठेत फिजिबल. त्यापलीकडं विचारलं की मॅनेजर मान हलवायचा. का नाही, हे विचारायचं नाही. कंपनीनं ठरवलं म्हणजे ठरलं.

माझ्या लाइनीवरचं सगळ्यात दूरचं ठिकाण म्हणजे माळवस्ती. तळेगावपासून आत असलेल्या आमच्या गावाच्याही पुढं, माळाच्या उतारावर, धनगरांची मोजकी घरं. मेंढरं आता एक-दोन घरांतच उरलीत, बाकीच्यांनी कांदा आणि ज्वारी धरलीय. त्यातल्या एका घरची सून सविता. शिरूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. नवरा अर्धं वर्ष मेंढरांमागं कोकणच्या वाटेला, घरात सासू आणि दोन पोरं. तिला पुण्यातल्या एका दवाखान्याचं घरबसल्या काम मिळालं होतं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कुणाला कोणत्या डॉक्टरकडं कधी यायचं ते सांगायचं. मोबाइलच्या नेटवर ते चालत नव्हतं, कारण वस्ती खोलगट जागी आणि टॉवर टेकडीपलीकडं. दवाखान्यानं तिला बजावलं होतं की लाइन सारखी तुटली तर पुण्याला ऑफिसात येऊन बसा, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. पुण्याला जायचं तर पोरं सासूच्या गळ्यात टाकून. त्यामुळं नोकरी राहणार की जाणार, हे माझ्या काचेच्या धाग्यावर लटकलं होतं. मला त्याची जाणीव होती आणि तिला त्याहून जास्त.

आता आप्पा. आप्पा गावात मधोमध राहतात. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी चाऱ्यांना, पोटपाटांना सोडणारे, दारं उघडणारे, बंद करणारे. रिटायर होऊन जमाना झाला तरी चालणं अजून पाटाच्या भरावावरून चालल्यासारखं. त्यांच्या घरचं नेट रोज दुपारी बंद पडायला लागलं. कंपनीच्या ॲपवर घर लाल झालं की मला फोन यायचा, बघून या. मी ऊन डोक्यावर घेऊन जायचो, तोवर चालू झालेलं असायचं. एकदा मी आधीच जाऊन ओसरीवर बसलो. दुपार झाली तसे आप्पा उठले, भिंतीपाशी गेले आणि राउटरचं बटण बंद करून परत येऊन बसले.

"आप्पा, बंद का केलं?"

"दार लावलं. टेलला जाऊ दे."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. आठवडे बाजारात सविताची सासू भेटली होती, म्हणाली की दुपारी सूनबाईचं नेट कमी पडतंय, तिकडची माणसं तिच्यावर ओरडतात. आप्पांनी जन्मभर केलं तेच केलं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्याला पाणी द्यायचं, मग मधल्याला, हेडवाल्याला सगळ्यात शेवटी. हेडवाला तोंडाशीच बसलेला असतो, तो पळून जात नाही. टेलवाल्याला मात्र राहिलेलंच मिळतं, म्हणून त्याला आधी. हा खात्याचा नियम. तो किती पाळला जायचा ते आपल्याला माहीत आहे, पण नियम होता आणि आप्पांनी पाळला होता.

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "आप्पा, हे पाणी न्हाई. तुम्ही बंद केलं म्हणून पुढं जास्त जात न्हाई."

आप्पा हसले नाहीत. "मग तिचं दुपारचंच कमी का पडतं?"

मी समजावून सांगायला लागलो. कंपनीनं आपल्या गावासाठी मागून जेवढा पुरवठा घेतलाय तो सगळ्या घरांत मिळून एकच. दुपारी सगळे मोबाइल घेऊन लोळतात, सगळेच एकदम खेचतात, मग प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. बोलता बोलता माझ्याच आवाजाचा जोर कमी झाला.

"म्हंजी सगळ्यांनी खेचलं की शेवटच्याला कमी," आप्पा म्हणाले. "आन् कुणी थांबलं तर त्याला जास्त."

"व्हय."

"मग पाणीच की, लाइनमन."

नेटवर्कच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नसतं आणि वायरवायरमध्ये फरकही पुष्कळ असतो, पण आमच्या गावापुरतं आप्पांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी चहा पिऊन उठलो. पुढं आप्पांच्या घराचा लाल ठिपका दिसला की मी जाणं सोडून दिलं आणि कंपनीला कळवून टाकलं, ग्राहक स्वतः बंद करतो.

त्यानंतर चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जेसीबीनं एका दिवसात रस्त्याकडेचे आमचे खांब आणि माळवस्तीला जाणारी वायर मातीसकट उचलून टाकली. गावातली लाइन वाचली, कारण ती शाळेमागून जाते. मी कंपनीला कळवलं, नवी वायर आणि खांब लागतील. उत्तर आलं, माळवस्ती फिजिबल नाही, लाइन परत देऊ नये. मी मॅनेजरला फोन केला. तरुण माणूस, साताऱ्याकडचा, बोलायला गोड.

"काका, मला पण वाईट वाटतं. पण आपण काय वीज मंडळ आहोत का? आपला बिझनेस आहे."

मी म्हटलं, "वीज मंडळाचा खांब पडला तर ते असं म्हणू शकतात का, की तुमची वस्ती लांब आहे, आता कंदील लावा?"

"त्यांना कायदा आहे ना. आपल्याला नाही."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. मला मात्र अंगाला आग लागल्यासारखं झालं. केडगावचे ते किरकोळ साहेब आठवले. त्यांच्या पाठीशी नियम होता म्हणून एवढासा माणूस चेअरमनसमोर उभा राहू शकला. माझ्या पाठीशी काय होतं? दिल्लीला या क्षेत्रावर देखरेख करणारे लोक आहेत, त्यांचे नियम आहेत, तक्रारीचे रस्ते आहेत, ते मी नाकारत नाही. पण टेलच्या घराला दिलेली लाइन तुटली तर ती जोडलीच पाहिजे, आणि जोडायची नसेल तर कारण लेखी दिलं पाहिजे, असं मला एकाही माणसानं कागदावर दाखवलं नाही. लोक म्हणतात, आवडत नसेल तर दुसरी कंपनी घ्या. पुण्यात घ्या की. माळवस्तीत पहिलीच कशीबशी आली होती.

मी ठरवलं, जोडायची. माझ्याकडं वायर होती. खांब नव्हते, आणि रस्ता खणलेला. आप्पा म्हणाले, "बांधावरनं ने. मी येतो संगं." आम्ही दोघं शेतकऱ्यांच्या दारात गेलो. आमच्याकडं बांध म्हणजे काय चीज आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीतभर सरकला तर सख्खे भाऊ तोंड बघत नाहीत. असाच एक बांध दोन भावांच्या मध्ये होता, कोर्टात केस चालू. थोरला म्हणाला, "टाका वायर, पण त्याला सांगू नका मी व्हय म्हनलो ते." धाकटाही अगदी हेच म्हणाला. दोघांचा होकार खिशात घालून आम्ही वायर टाकली, आणि दोघं आपापल्या बाजूनं, एकमेकांकडं न बघता, तिच्यावर माती लोटत आले. सविताची सासू भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन बांधावर आली होती. सविताच्या घरी जोड मारला आणि राउटरचा दिवा हिरवा झाला. सविता लगेच हेडफोन लावून बसली, कारण तिची वेळ झाली होती.

कंपनीला हे कळायला वेळ लागला नाही. माझ्याकडं हुकूम आला, बेकायदा जोडणी तोडा. मी फोनवर सांगितलं, "मी तोडणार नाही. तुम्हाला तोडायची असेल तर या. शिडी मी धरतो."

मला वाटलं नव्हतं, पण मॅनेजर खरोखर आला. पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली. दुपारची वेळ, सविता पडवीत बसून बोलत होती. "व्हय बाबा, सोमवारीच डॉक्टर बसतात. उपाशीपोटी यायचं, चहासुद्धा न्हाई घ्यायचा. लेकीला संगं आणा." आम्ही आलो तसा तिनं न बघताच हाताचा तळवा वर केला, थांबा म्हणून. मॅनेजर थांबला. एक फोन संपला की दुसरा येत होता. सासूनं चहा आणून त्याच्या हातात दिला. मी भिंतीला शिडी लावली, वायर कापायची कात्री खिशातून काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"तोडा साहेब."

"मी टेक्निकल माणूस नाही, काका."

"ह्याला टेक्निकल लागत नाही. दाबलं की तुटते."

त्यानं शिडीकडं बघितलं, सविताकडं बघितलं. ती पलीकडच्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा तेच समजावत होती, आवाज न चढवता. त्यानं चहा संपवला, कपबशी ओट्यावर नीट ठेवली आणि गाडीत बसून निघून गेला. मला तो माणूस म्हणून वाईट वाटला नाही, आजही वाटत नाही. समोर बघून त्याचा हात धजला नाही. तळेगावच्या बाजारात मी ही गोष्ट ज्याला त्याला मीठमसाला लावून सांगत फिरलो.

आठवडाही झाला नसेल, माळवस्ती बंद पडली. मी धावत गेलो, बांधावरची वायर धडधाकट होती. सगळे जोड तपासले, सगळे नीट होते. मग लक्षात आलं. पुण्यात बसून कुणीतरी वस्तीचा पोर्ट, म्हणजे गावातल्या पेटीतलं तिच्या वाटेचं तोंड, स्क्रीनवरून बंद केला होता. शिडी लागली नाही, कात्री लागली नाही, कुणाच्या हातचा चहा प्यावा लागला नाही. पाटाचं दार लावायला निदान पाटकऱ्याला चालत यावं लागतं आणि चार लोक त्याला अडवून विचारू शकतात. इथं दार कुणी लावलं त्याचं तोंडही दिसत नाही, म्हणून म्हणतो की कायदा पाहिजे. त्याच आठवड्यात माझी भागीदारीही काढून घेतली आणि तळेगावच्या एका तरण्या केबलवाल्याला दिली. त्याचा मला राग नाही, पोटासाठी कुणीतरी करणारच. पण माझ्या गाळ्यावरची पाटी मी माझ्या हातानं उतरवली.

सविता मला म्हणाली, "मामा, माझ्यापायी तुमचं गेलं." मी म्हटलं, "तुझं जाऊ देणार न्हाई." म्हटलं खरं, पण कसं ते मला ठाऊक नव्हतं.

ते आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी तिला त्यांच्या ओसरीवर बसवलं. गावातली लाइन चालू होती. सविता पोरांना शाळेत सोडून दुपारी चालत यायची आणि आप्पांच्या राउटरवर काम करायची. पण दुपारी गावात सगळेच खेचणार, हे दुखणं होतंच. मग आप्पांनी हातात काठी घेतली आणि घरोघर फिरले. "आज खालची आळी बंद ठेवायची. उद्या वरची. परवा मारुतीमागची. पोरीची वेळ संपली की खोला." गावानं कुरकुर केली, पोरांनी तर फारच. पण या गावात जन्मलेल्या माणसाला आवर्तन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आपल्या वाटणीला दार लावायचं, दुसऱ्याचं रान भिजू द्यायचं, हे सगळ्यांच्या अंगात असतं. शिवाय कंपनीनं वस्तीचं तोंड बंद केलं याची गावाला चीड आली होती. ज्या घरांत माळवस्तीच्या माणसांना कधी ओसरीच्या आत बोलावलं गेलं नव्हतं, त्या घरांनीही राउटर बंद केले. मला त्याचं फार बरं वाटलं.

कंपनीच्या पडद्यावर मात्र भलताच खेळ सुरू झाला. आज खालची आळी लाल, उद्या वरची, परवा मारुतीमागची. दुपारी जायचं, संध्याकाळी आपोआप बरं व्हायचं. फॉल्ट फिरत होता. नवा भागीदार मशीन घेऊन गल्लोगल्ली हिंडला, त्याला कुठं काही सापडेना. पुण्याहून इंजिनिअर आले, पेटी उघडून बसले, बॅटऱ्या बदलून गेले. शेवटी नव्या भागीदारानं मला फोन केला, "मामा, तुम्हाला ह्या लाइनीची नस न् नस ठावं. फॉल्ट कुठं हाय, सांगा की." मी म्हटलं, माळवस्तीत आहे. तो म्हणाला, माळवस्ती तर बंदच आहे. मी म्हटलं, तोच फॉल्ट आहे.

मग कंपनीतून घरोघर फोन सुरू झाले. गोड आवाजाच्या मुली विचारायच्या, सर, आपली तक्रार काय आहे? आणि प्रत्येक घरातून, शाळेतल्या मास्तरांपासून किराणावाल्यापर्यंत, एकच उत्तर जायचं, "आमची काय तक्रार न्हाई. आधी टेलला द्या." त्या मुलींना टेल म्हणजे काय ते कळत नसणार. पण तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून घ्यावं लागलं की वरच्या कुणाला तरी ते वाचावं लागतं.

एके दिवशी दुपारी सविताचा मला फोन आला. ती घरूनच बोलत होती. "मामा, दिवा हिरवा झालाय." मी तडक माळवस्तीवर गेलो. खरंच चालू होतं. कुणी आलं नव्हतं, कुणाचा फोन नव्हता, माफी नाही, कारण नाही. जसं बंद झालं होतं तसं मुकाट्यानं चालू झालं होतं. सासूनं पेढे नव्हते म्हणून गूळ वाटला. सविता कामाला लागली. मी बाहेर बाजेवर बसून तिचं बोलणं ऐकत होतो, "सोमवारी या, मंगळवारी या, उपाशीपोटी या," आणि मला रडू आवरेना. मी मर्द गडी, खांबावरून दोनदा पडलेलो, बाजेवर बसून मुसमुसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात गेलो. सगळ्या आळ्या चालू, पोरं पारावर मोबाइल घेऊन बसलेली. आप्पांच्या ओसरीवर गेलो तर त्यांचा राउटर बंद.

"आप्पा," मी म्हटलं, "तिचं चालू झालं. आता कशाला दार लावता?"

आप्पा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तिला लेखी दिलं का त्यांनी? परत बंद करणार न्हाई म्हणून?"

"न्हाई."

"ज्यांनी उघडलं त्यांच्या मनात आलं तर परत लावतील का न्हाई?"

"लावतील."

"मग आवर्तन चालू हाय," आप्पा म्हणाले आणि सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

आजही कधी दुपारी तिकडून गेलात तर बघा. सगळ्या गावाचा दिवा हिरवा असतो आणि मधोमध एक घर लाल. पुण्याच्या पडद्यावरही ते दिसत असणार. कंपनीनं तो फॉल्ट दुरुस्त करायची खटपट सोडून दिलीय. तो कुणी दुरुस्त करायचा ते मला माहीत आहे. सरकारनं कायदा करून टेलच्या घराला लाइन तोडणार नाही असं लेखी द्यावं, त्याच दुपारी मी स्वतः जाऊन आप्पांच्या राउटरचं बटण दाबीन.